दरवर्षी गळणारा स्लॅब, फाटणारी भिंत आणि ‘करून देतो’ म्हणणारा ठेकेदार

मृग लागून पहिला दमदार पाऊस पडला की फोन सुरू होतात. “भाऊ, स्लॅब पुन्हा गळून राह्यला.” घर तीन-चार वर्षांचं असतं. मागच्या पावसाळ्यातही गळालं होतं, त्याच्या आधीच्याही. दरवेळी ठेकेदाराला निरोप गेला, त्यानं मिस्त्री पाठवला, मिस्त्र्यानं पांढरं सिमेंट कालवून गच्चीवरच्या दोन-चार भेगा बुजवल्या आणि चहा पिऊन गेला. दिवाळीपर्यंत सगळे विसरले. भिंतींचं चक्र याच्या उलट. त्या पावसाळ्यात गप्प असतात आणि होळीनंतर उघडतात. एप्रिलात खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी भेग मेअखेर बोट घालण्याएवढी होते.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे आणि एस्टिमेट करतो. त्यामुळे अशा भांडणात घरमालकही मला ओढतात आणि ठेकेदारही. बहुतेक ठिकाणी भांडण दुरुस्तीवर चाललेलं असतं, कारणावर कोणी बोलतच नाही. ‘करून दे’ आणि ‘करून देतो’ यातच वर्षं निघून जातात. ठेकेदाराला हे परवडतं. थैलीभर सिमेंटमध्ये त्याचं वर्ष निघतं, प्रत्येक लिपापोतीखाली पुरावा गाडला जातो आणि तक्रारीची मुदतही सरत जाते. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोनच वर्षं मिळतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं: भेग कशामुळे पडली हे कागदावर येऊन त्याखाली दोघांच्या सह्या होईपर्यंत कोणालाही थापी लावू देऊ नका.

याला अपवाद एकच. स्लॅबचं काँक्रीट खाली पडत असेल, सळाख उघडी पडली असेल किंवा भिंत बाहेर झुकली असेल तर आधी फोटो काढा, टेकू लावा आणि त्या खोलीत झोपणं बंद करा. बाकी सगळं नंतर.

भेग काय सांगते

आधी प्लास्टर की भिंत, ते पाहा. भेगेवरचं प्लास्टर विटेएवढ्या जागेत छिन्नीनं उडवा. खाली वीट आणि सांधा शाबूत असेल तर भेग फक्त प्लास्टरची आहे. जाळीसारख्या पसरलेल्या बारीक भेगा बहुतेक याच जातीच्या असतात. प्लास्टरवर पाणी कमी पडलं किंवा सिमेंट जास्त झालं, एवढाच त्यांचा अर्थ. त्या दिसायला वाईट, पण त्यासाठी आयोगापर्यंत जाऊ नये असं माझं मत आहे. रंगाच्या वेळी मिटतात.

कॉलम आणि विटांच्या सांध्यावर वरून खाली सरळ गेलेली भेग म्हणजे तिथं प्लास्टरखाली जाळी मारलेली नाही. काम कुचराईचं आहे, धोका नाही. दुरुस्ती स्वस्त असते आणि ठेकेदारही त्यावर फारसा भांडत नाही.

विटांच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकला असेल तर स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग पडते. आपल्याकडे ही घरोघरी दिसते. कारण ऊन. काँक्रीट तापलं की पसरतं: दहा मीटर लांब स्लॅबचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर लांबी साधारण तीन मिलिमीटरनं वाढते. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, उघडी गच्ची रात्री आणि दुपारी सारखी राहणं शक्यच नाही. स्लॅब सरकतो, भिंत सरकत नाही, सांधा तुटतो. भिंत आणि स्लॅबमध्ये गुळगुळीत थर देऊन सांधा मोकळा ठेवता येतो. ते केलं नाही ही चूक खरी, पण घर त्यामुळे पडत नाही. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घातली की तापणं बरंच कमी होतं.

छताला खालून समांतर रेघा दिसत असतील, त्यांना तांबूस डाग असतील, तर ते गांभीर्यानं घ्या. सळाख गंजतेय. स्लॅबच्या सळाखीखाली साधारण वीस मिलिमीटर काँक्रीट राहायला हवं आणि त्यासाठी सळाखीखाली ठोकळे ठेवतात. ठोकळ्यांऐवजी गिट्टीचे खडे सरकवले किंवा ढलाईच्या वेळी मजुरांच्या पायाखाली जाळी दबून सेंट्रिंगच्या पाटीला टेकली, तर तिथं आवरणच उरत नाही. पाणी आणि हवा लागून लोखंड फुगतं आणि खालचा पापुद्रा सुटतो. हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तेवढी जागा खडूनं रंगवा आणि फोटो घ्या. हा दोष शंभर टक्के करणाऱ्याचा. यात घरमालकाकडं बोट दाखवायला जागा नाही.

आता तिरपी भेग. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी. विदर्भातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं आहे आणि त्याच्या खाली काळी माती आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातल्या भारी जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. पाणी पिऊन ते फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात वावरात काठी आत जाईल अशा भेगा पडतात, तीच जमीन घराखालीही असते. पाया मुरमापर्यंत नेला, किंवा काळी माती खोल असेल तिथं खाली फुगीर टोकाच्या पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेऊन वर जोत्याच्या पातळीला प्लिंथ बीम फिरवला, तर घर या हालचालीतून सुटतं. पाया काळ्या मातीतच थांबला तर घर दरवर्षी तिच्याबरोबर वर-खाली होतं.

दारव्ह्याच्या बाजूचं एक घर सांगतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, ‘विथ मटेरियल’ ठेका. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात खिडकीपासून जोत्यापर्यंत पायऱ्यांची भेग, वर रुंद आणि खाली निमुळती. म्हणजे कोपरा खाली बसून बाहेर कलत होता. ठेकेदाराचं म्हणणं, “सिमिट त पोतंभर जास्तच टाकलं होतं.” सिमेंटचा इथं संबंधच नव्हता. दोघांसमोर कोपऱ्याला लागून खड्डा घेतला. फुटिंगचा, म्हणजे पायाच्या सर्वांत खालच्या भागाचा, तळ तीन फुटांवर, सगळी काळी माती. मुरूम लागला तो सहा फुटांच्या जरासा अलीकडे. घरमालकाचा चेहरा खुलला. पण त्याच खड्ड्यात एका अंगाची माती भर उन्हाळ्यात चिखलासारखी ओली होती. वर पाहिलं तर न्हाणीचं पाणी उघड्यावर, त्याच कोपऱ्यात, केळीच्या बुडाशी सोडलेलं. ठेकेदार लगेच म्हणाला, “केळीले पाणी कोन सोडते? मी काय?”

दोघंही बरोबर होते. पाया कमी खोल, हे ठेकेदाराचं पाप. एकाच कोपऱ्यात वर्षभर ओल, हे घरातल्यांचं. खड्डा घेतला नसता तर हे भांडण सिमेंटच्या पोत्यावरच अडून राहिलं असतं. शेवटी कोपऱ्याखाली तुकड्या-तुकड्यानं खणून मुरमापर्यंत काँक्रीट भरायचं काम ठेकेदारानं अंगावर घेतलं. न्हाणीचा पाइप लांब नेणं आणि भिंतीलगत तीन फूट रुंद उताराचा कोबा घालणं मालकानं. केळी हलली. असं भराव-काम अभियंता उभा असल्याशिवाय करू देऊ नका. एका वेळी तीन-चार फुटांपेक्षा जास्त लांबी उघडली तर भिंतच अंगावर येते.

तुमच्या घरी खड्डा घेण्याआधी घरबसल्या एक करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण आणि तारीख लिहा. मध्यभागी पातळ काचेची पट्टी भेगेच्या आरपार ठेवून दोन्ही बाजूंनी सिमेंटनं चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. उन्हाळ्यात उघडून श्रावणात मिटणारी भेग म्हणजे मातीचं फुगणं-आकसणं. ऋतू कोणताही असो, वाढतच जाणारी भेग म्हणजे पाया बसतोय. पहिलीत पाण्याची व्यवस्था केली की बरंच भागतं, दुसरीत पायाला हात घालावाच लागतो. शेजारी कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर त्याचीही नोंद करा. मोठं झाड उन्हाळ्यात मुळाभोवतीची ओल शोषतं आणि त्या बाजूची माती जास्त आकसते.

पाणी नेमकं कुठून येतं

पाऊस चालू असताना गळतीचा शोध लागत नाही. पाणी स्लॅबमध्ये एकीकडून शिरतं, आतल्या वायरिंगच्या पाइपातून पळत जातं आणि पंख्याच्या बॉक्समधून टपकतं. मिस्त्री मग पंख्याच्या वरचीच जागा बुजवतो. व्यर्थ.

पाऊस थांबून स्लॅब चांगला वाळला की गच्चीवर मातीच्या किंवा सिमेंटच्या पाळी घालून खोलीनिहाय वाफे करा. एका वेळी एकाच वाफ्यात दोन-तीन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवा, खाली लक्ष ठेवा. मग पुढचा वाफा. कोणत्या वाफ्याला कुठं ओल आली ते लिहून ठेवलं की नकाशाच तयार होतो. सगळे वाफे कोरडे निघाले तर दोष स्लॅबचा नाही. पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) सांधा, टाकीचा ओव्हरफ्लो, पाणी जायच्या पाइपाची कडा, जिन्याच्या टोपीची भिंत, यांतलं काहीतरी आहे. भिंतीच्या वरच्या दोन फुटांतली ओल बहुतेक पॅरापेटच्या बुडातून येते. ते काम दिवसभराचं आहे, त्यासाठी संपूर्ण गच्चीवर महागडं वॉटरप्रूफिंग करून घेऊ नका. गच्चीवर उतार नसणं, हाही बांधकामाचाच दोष. पाऊस गेल्यावर दुसऱ्या दिवशीही जिथं डबकं राहतं, तिथं फूटपट्टी उभी करून फोटो घ्या.

वाफ्यातलं पाणी एकाच ठिकाणी न येता सगळीकडून पाझरत असेल तर काँक्रीटच भुसभुशीत आहे. इथं खरं भांडण सुरू होतं.

‘माल तुमचाच होता न भाऊ’

आपल्याकडे दोन तऱ्हेचे ठेके चालतात. ‘विथ मटेरियल’मध्ये सगळं ठेकेदाराचं, त्यामुळे पळवाट कमी. ‘लेबर रेट’मध्ये सिमेंट, रेती, गिट्टी, लोखंड मालकाचं आणि मजुरी चौरस फुटांवर. तिथं ठेकेदाराची दोन ठरलेली उत्तरं असतात: रेती खराब होती आणि तुम्ही तराई केली नाही, म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी देऊन ओलं ठेवलं नाही.

रेतीचं उत्तर तपासता येतं. अंगणात उरलेली रेती काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेल्या गाळाचा थर रेतीच्या थराच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर रेती धुतल्याशिवाय वापरायची नव्हती. पण रेती वाईट असेल तर जाणकार माणसानं ती नाकारायची असते. रेती पाहून, काही न बोलता कालवणाऱ्या ठेकेदाराची जबाबदारी ‘माल तुमचा’ म्हटल्यानं संपत नाही. रेतीचे घाट बंद असताना मिळेल ती रेती उतरवून घेणारे मालकही मी पाहिले आहेत. तिथं तडजोड करावीच लागते.

तराईचं उत्तर जास्त अवघड. मृगाआधी डोक्यावर छत हवं म्हणून आपल्याकडे स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतात. तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो, टँकर सांगावा लागतो, वारा भट्टीसारखा असतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे काँक्रीट कमीत कमी सात दिवस सतत ओलं राहायला हवं. कोरड्या-गरम हवेत आणि फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, शक्यतो चौदा. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे तराई नव्हे, दुपारभर स्लॅब कोरडाच असतो. वाफे करून पाणी भरलेलं असावं, नाहीतर ओला बारदाना अंथरलेला असावा. पूर्वेकडे, भंडारा-गोंदियात, तणसही घालतात. करारात तराई मालकाकडे असेल आणि ती झाली नसेल तर दावा तिथं पातळ होतो, हे आधीच समजून घ्या. करारात शब्दच नसेल तर, कसबी माणूस तोच असल्यामुळे, पाणी कसं आणि किती दिवस द्यायचं हे सांगण्याची जबाबदारी त्याची, असा मुद्दा मांडता येतो.

सेंट्रिंग कधी काढलं तेही आठवा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढायचे नसतात, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस. पाट्या दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून चौथ्या दिवशी टेकू काढणारे आहेत. त्यांच्या स्लॅबचा मधला भाग पुढं झोळीसारखा खाली येतो. दोन भिंतींमध्ये दोरी ताणली की दिसतं. ढलाईच्या दिवशीचे आणि सेंट्रिंग काढतानाचे फोटो घरातल्या कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये असतात, पोरांनी स्टेटसला ठेवलेले. तारखेसह ते उपयोगी पडतात. सिमेंटच्या रिकाम्या थैल्याही फेकू नका. त्यावर कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात सिमेंट तयार झालं ते छापलेलं असतं.

संयुक्त पाहणी आणि एक पत्र

एवढं झालं की ठेकेदाराला घरी बोलवा. भांडायला नव्हे, मोजायला. तुमच्याकडून एक अभियंता, दोन्हीकडून मान्य असे दोन साक्षीदार. भेगांची लांबी-रुंदी, वाफ्यांचा निकाल, खड्डा घेतला असेल तर फुटिंगची खोली, हे सगळं साध्या कागदावर लिहून खाली सह्या. ‘चूक कोणाची’ हा रकाना त्या दिवशी लिहूच नका. फक्त दिसतं ते लिहा, म्हणजे सही करायला कोणी कचरत नाही. ठेकेदार आला नाही तर ‘निरोप देऊनही आला नाही’ हे लिहून बाकीच्यांनी सही करावी.

अभियंता ठेकेदाराचा नेहमीचा असू नये. रक्कम मोठी असेल तर तपासणीसाठी अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीच्या स्थापत्य विभागात विचारा. रिबाउंड हॅमरची (स्प्रिंगच्या हातोडीनं काँक्रीट ठोकून पाहण्याची) चाचणी फक्त पृष्ठभागाचा अंदाज देते, एवढं लक्षात ठेवा. चार-पाच इंची स्लॅबला उगाच भोकं पाडून नमुना काढू नये. साध्या घराच्या दाव्याला अभियंत्याचा सहीचा अहवाल आणि दुरुस्तीचं एस्टिमेट बहुतेक पुरतं.

मग पत्र. वकिलाची नोटीस नंतरही देता येते. पहिलं पत्र स्वतःच्या हातानं, पोस्टानं, पोच राहील असं पाठवा. मजकूर एवढाच:

“आपण माझ्या मौजा … येथील घराचे बांधकाम दि. … च्या करारानुसार केले. एकूण रु. … मी आपणास दिले आहेत. दि. … रोजी केलेल्या पाहणीत पुढील दोष आढळले: … . सोबत पाहणीचा कागद, फोटो व अभियंत्याचा अहवाल जोडला आहे. हे दोष अहवालात दिलेल्या पद्धतीने, आपल्या खर्चाने, पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्त करण्यास सुरुवात करावी. केवळ वरून भेगा बुजवणे मला मान्य नाही. अन्यथा दुरुस्तीचा खर्च रु. … व नुकसानभरपाई यासाठी मी कायदेशीर मार्ग घेईन.”

‘वरून भेगा बुजवणे मान्य नाही’ हे वाक्य गाळू नका. नाहीतर पत्र मिळताच मिस्त्री पांढरं सिमेंट घेऊन दारात हजर. शेवटचा हप्ता अजून तुमच्याकडे असेल तर तो का रोखला आहे हे याच पत्रात लिहा. न लिहिता रोखलेला पैसा उद्या ‘माझीच मजुरी बुडवली’ अशा उलट्या तक्रारीचं कारण होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. ‘करून देतो भाऊ, पाऊस जाऊ द्या’ हा त्याचा मेसेज म्हणजे दोष असल्याची कबुलीच. तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा नमुना कोणत्याही वकिलाकडे असतो. पण अशा आश्वासनांनी दोन वर्षांची मुदत आपोआप वाढते असं समजू नका. उशीर झालाच असेल तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, तो मान्य होईलच असं नाही.

गावात मिटवता आलं तर

ठेकेदार बहुतेक शेजारच्या गावचा असतो, लग्नाकार्यात भेटतो. त्यामुळे आधी गावात बसणं चुकीचं नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तिची समिती तुमच्या गावात जिवंत असेल तर तिच्यासमोर बसा. पण तोंडी शब्दावर उठू नका. कोणतं काम, कोणत्या पद्धतीनं, कोणाच्या खर्चानं, कोणत्या तारखेपर्यंत आणि नाही केलं तर किती रक्कम, हे पाच मुद्दे लिहून सह्या घ्या. समितीचा कागद कोर्टाचा हुकूमनामा नसतो, पण पुढं पुरावा म्हणून तो भारी पडतो.

याहून पक्का आणि फुकटचा रस्ता तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत आहे. दावा दाखल करण्याआधीच तिथं अर्ज देता येतो. समिती ठेकेदाराला बोलावते आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना उत्पन्न न पाहता मोफत वकीलही मिळतो. घर बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावानं करा.

पोलीस ठाण्यात लोक सर्वांत आधी जातात. तिथं ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ ऐकून परत येतात. पैसे घेऊन काम सुरूच केलं नाही, खोटी बिलं दिली, असं काही असेल तरच तिकडं जा.

ग्राहक आयोग

रेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलेल्या घराला तो कायदा लागू होत नाही. बिल्डरच्या प्रकल्पात फ्लॅट किंवा रो-हाऊस घेतलं असेल, जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरं आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा, म्हणजे त्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण. तिथं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरला तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो.

गावातल्या घरासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे, ठेकेदाराकडे नोंदणी असो वा नसो. मात्र मिस्त्री रोजानं लावून सगळी देखरेख तुम्हीच केली असेल तर प्रकरण कमकुवत पडतं. ठेका होता हे दाखवायला कच्च्या पावत्या, वहीतल्या सह्या, फोन-पेचे व्यवहार, बँकेची नोंद, काहीही चालतं.

तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि ती पन्नास लाखांपर्यंत आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करायला आता ई-जागृती पोर्टल आहे, विचारपूस करायला १९१५ हा क्रमांक. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. कायद्यात निकालाची मुदत महिन्यांत मोजलेली आहे, प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, तयारी ठेवा.

मागणीत आकडा फुगवू नका. ‘घर पाडून नवीन बांधून द्या आणि मानसिक त्रासाचे दहा लाख’ असं लिहिलेली तक्रार वजन घालवून बसते. अभियंत्याच्या एस्टिमेटप्रमाणे दुरुस्तीचा खर्च, दुरुस्तीच्या काळातलं भाडं, खराब झालेलं सामान, त्रासाची माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च, इतकंच मागा. पाहणीचा वाद असेल तर आयोगानं कमिशनर नेमावा असा अर्ज देता येतो. आदेश होऊनही ठेकेदारानं पाळला नाही तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजारांचा दंड. हे कलम माहीत असलेला ठेकेदार आदेशानंतर सहसा स्वतःच फोन करतो.

घरकुलाचं थोडं वेगळं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्यानं घर स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार लावायला नियमात जागा नाही. तरी एक लाख वीस हजारांचा पूर्ण हप्तेबंद हिशेब ठेकेदाराच्या हाती देणारे गावोगाव आहेत, विशेषतः एकट्या म्हाताऱ्या बाया. काम अर्धवट राहिलं की पुढच्या टप्प्याचा फोटो जिओ-टॅग (जागेच्या नोंदीसह) होत नाही, हप्ता अडतो. अशा वेळी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याची पाहणी मागा आणि ठेकेदाराविरुद्ध आयोगात वेगळी तक्रार करा. रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणजे फीही नाही.

दुरुस्ती कधी करायची

तडजोड झाली की लोक दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावतात. काळ्या मातीवरच्या भिंतीला तसं करू नका. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असते. तेव्हा ती कडक मसाल्यानं भरली तर पावसाळ्यात भिंत मिटताना बाजूच्या विटा फुटतात. भर पावसाळ्यात भरली तर उन्हाळ्यात पुन्हा उघडते. आधी पाण्याचा आणि पायाचा बंदोबस्त करा, कोबा घाला, एक ऋतू जाऊ द्या, मग कार्तिक-मार्गशीर्षात भेग खरवडून, आडव्या सळ्या किंवा जाळी घालून भरा. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगला मात्र कोरडा उन्हाळाच हवा. होळी ते अक्षय्य तृतीया हा काळ चांगला, आणि त्याही कामाची तराई दुपारच्या आधी बारदाना अंथरूनच.

तडजोडीच्या कागदात या तारखा घाला. ठेकेदारानं काम केल्यावर लगेच ‘माझी कोणतीही तक्रार उरली नाही’ असं लिहून देऊ नका. पोचपावती द्या, त्यात ‘एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून अंतिम’ असं लिहा, आणि त्याची राहिलेली रक्कम असेल तर तिचा शेवटचा भाग तोपर्यंत थांबवा. गच्चीवरच्या वाफ्यांच्या पाळी फोडू नका. दुरुस्तीनंतर त्यातच पुन्हा पाणी भरून, दोघांनी मिळून, खालचं छत पाहायचं आहे.